थेंबकाकांचा तास

आमच्या काकांनी एकतीस वर्षं नोकरी केली ती दोन वाक्यांच्या बळावर. एक, ‘थेंब आहे.’ दुसरं, ‘थेंब नाही.’

डिझेल गाड्यांचे पंप आणि नोझल दुरुस्त करणारं एक दुकान होतं, तिथे ते कामाला होते. नोझल म्हणजे इंजिनात डिझेल उडवणारी बोटभर लांबीची तोटी. ती चाचणीच्या यंत्रावर बसवायची, यंत्राचा दांडा दाबायचा, की टोकातून धुक्यासारखा फवारा उडाला पाहिजे आणि फवारा थांबल्याबरोबर टोक कोरडं ठणठणीत दिसलं पाहिजे. टोकाला थेंब लोंबकळत राहिला तर नोझल नापास. काका चष्मा कपाळावर चढवायचे, बाजूने वाकून बघायचे आणि निकाल द्यायचे. बाहेरच्या बाकावर ट्रकवाले, बसवाले, ट्रॅक्टरवाले हात जोडल्यासारखे बसलेले असायचे. आतून ‘थेंब नाही’ असं ऐकू आलं की सहा फुटी आडदांड ट्रकवालासुद्धा पहिला नंबर आल्यासारखा हसायचा. गावाने त्यांचं नाव थेंबकाका पाडलं. ते त्यांना आवडतं की नाही हे कळायला मार्ग नाही, कारण त्यावर ते कधी काही बोललेले नाहीत.

बोलण्याचं खातं घरात काकूकडे. काकूची स्वतःची लाँड्री आहे. लॉजच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, खाणावळींचे टेबलक्लॉथ असं सगळं धुऊन, इस्त्री करून, गठ्ठे बांधून ती आपल्या जुन्या डिझेल व्हॅनमधून पोहोचवते. व्हॅन तीच चालवते. काकांना गाडी येत नाही. म्हणजे हात चालतात, पाय चालतात, पण कान मध्ये येतात. लायसन्सच्या परीक्षेला ते तीनदा बसले. तिसऱ्या खेपेला परीक्षक ‘ब्रेक! ब्रेक!’ म्हणून ओरडत होता आणि काका डोळे मिटून त्याला सांगत होते, ‘जरा थांबा, तिसरा नोझल ठिबकतोय.’ गाडी कुंपणात गेली. तिसरा नोझल खरंच ठिबकत होता, हे त्यांनी नंतर खोलून दाखवलं. पण तेवढ्यावर लायसन्स देत नाहीत.

या व्हॅनचा डिझेलचा काटा नऊ वर्षांपूर्वी अर्ध्यावर येऊन थांबला तो तिथेच. टाकी भरा, रिकामी करा, काटा आपला कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. जगाचे पंप दुरुस्त करणाऱ्याच्या गाडीला असा काटा, असं कुणी म्हटलं की काकू म्हणायची, ‘दिव्याखाली अंधार कसा असतो ते बघायचं असेल तर आमच्या गाडीत बसा.’ काकांनी काटा दुरुस्त केला नाही, पण वेताची एक काडी तासून ठेवली. रोज संध्याकाळी ती टाकीत बुडवायची, ओल किती बोटं आली ते बघायचं आणि काकूला सांगायचं. काकू सकाळी पेट्रोल पंपावर जाऊन भरून आणायची. काकांनी मोजायचं, काकूने भरायचं. नऊ वर्षांत गाडी एकदाही रस्त्यात आडवी झाली नाही.

या व्यवस्थेत एकच दुवा कच्चा होता, तो म्हणजे अबोला. काकांचा अबोला आणि काकांचं रोजचं बोलणं यांतला फरक बाहेरच्याला कळत नाही. काकूला कळतो. अबोल्यात बोलायचंच नाही असा त्यांच्या घरात नियम नाही. एकमेकांशी बोलायचं नाही, एवढंच. निरोप तिसऱ्यामार्फत जातात. मी भिंतीला भिंत लागून राहतो, त्यामुळे तिसरा बहुतेक मीच असतो. मी नसलो तर स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ.

‘घड्याळा, सांग त्यांना, चहा गार होतोय.’

‘घड्याळा, सांग तिला, साखर कमी आहे.’

‘घड्याळा, त्यांना म्हणावं, डबा कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे.’

असा त्यांचा संसार त्या घड्याळाने कित्येकदा सावरून नेलेला मी ऐकलाय. भिंत पातळ आहे.

आठ महिन्यांपूर्वी काकांचं दुकान बंद झालं. नव्या गाड्यांना संगणक लागतो, आणि मालकाला विश्रांती हवी होती. काकांचं चाचणीचं यंत्र गावाबाहेरच्या तंत्रशाळेने नेलं. काका घरी बसले. बसले म्हणजे पहिले दोन महिने बसलेच नाहीत. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, पंख्यांना घातलं, शिलाई मशीनला घातलं, शेजारपाजारच्यांची फाटकं गाठली. आमच्या गल्लीत करकरणारं काही म्हणून उरलं नाही. सगळं गप्प झालं, आणि मग काका त्याहून गप्प झाले. सकाळी आठला दाढी करून, शर्टाचं वरचं बटण लावून कामाला निघाल्यासारखे तयार व्हायचे आणि दुपारपर्यंत तसेच खुर्चीत. काकू मला म्हणाली, ‘अरे, माणूस घरात आहे की नाही ते बघायला मला आता खोलीत जाऊन बघावं लागतं.’ ती हसत म्हणाली, पण गठ्ठ्याची गाठ तिने तीनदा सोडून तीनदा बांधली.

मग तंत्रशाळेतून फोन आला. यंत्र नेलं होतं, पण चालवणार कोण? ते सहा महिने कापडाखाली झाकून ठेवलेलं होतं. प्राचार्याबाई म्हणाल्या, शुक्रवारी अकरा वाजता एक तास घ्या. चाळीस मिनिटं. मुलांना समजलं, तर सोमवारपासून या.

काकूने फोन ठेवला आणि ही बातमी गल्लीभर सांगून आली. काका म्हणाले, ‘चाळीस मिनिटं?’ आयुष्यभराचं त्यांचं सगळं बोलणं एकापुढे एक मांडलं असतं तरी चाळीस मिनिटं भरली नसती.

त्यांनी चार दिवस बसून अकरा पानं लिहिली. गुरुवारी संध्याकाळी तालीम ठरली. काका उभे, समोर खुर्चीवर काकू म्हणजे सगळा वर्ग. काकू पहाटे पाचपासून इस्त्रीवर होती, दीडशे चादरी झाल्या होत्या. काकांनी कागद डोळ्यांपुढे धरला. ‘डिझेल हे एक खनिज इंधन असून त्याचे गुणधर्म पुढीलप्रमाणे आहेत…’ चौथ्या मिनिटाला वर्गाची मान कलली. सहाव्या मिनिटाला वर्ग घोरायला लागला.

‘तू झोपलीस,’ काका म्हणाले.

‘छे! डोळे मिटून ऐकत होते.’

‘घोरत होतीस.’

‘मी घोरते? मी? एकतीस वर्षांत आज कळलं तुम्हाला?’

‘पहिल्या रात्रीच कळलं होतं. बोललो नाही.’

इथे अबोला सुरू झाला. पण काकांना घोरण्याचं काही नव्हतं. बायको झोपली, जिला आपलं सगळं गोड लागतं ती झोपली, तर ती पोरं काय करतील, हा घोर त्यांना लागला होता. ते अंगणात गेले, सवयीने काडी टाकीत बुडवली. एक बोटभरसुद्धा ओल नव्हती. सांगायला स्वयंपाकघरात आले तर काकू मागच्या बाजूला चादरी काढत होती, मी घरी नव्हतो. काका घड्याळाकडे वळले आणि म्हणाले, ‘तिला सांग, टाकी संपत आलीय. सकाळी आधी पंपावर जा.’

घड्याळ म्हणालं, टिक. काका समजले, निरोप पोहोचला.

शुक्रवारी साडेनऊला काकूने माझं दार वाजवलं. ‘चल. वाटेत मी बोलायचं कुणाशी?’ रजा टाकून मी निघालो. पुढच्या सीटवर आम्ही तिघं. काकू चाकावर, मी मधे, आणि दाराशी काका. पांढराशुभ्र शर्ट, मांडीवर अकरा पानं आणि एक जुना नोझल रुमालात गुंडाळून. मागे चादरींचे गठ्ठे; ते परतताना द्यायचे होते.

‘विचार त्यांना, घाम का आलाय?’

‘सांग तिला, नाही आला.’

‘सांग त्यांना, आलाय. कपाळाला.’

मी टेनिसच्या सामन्याला बसल्यासारखा मान फिरवत होतो. गावाबाहेर एका बंद गोदामाच्या पुढे आल्यावर गाडीने एक उचकी दिली. मग दुसरी. काकांनी डोळे मिटले.

‘तिला सांग, डिझेल संपलं.’

‘त्यांना सांग, काटा अर्ध्यावर आहे.’

‘तिला सांग, काटा नऊ वर्षं अर्ध्यावर आहे.’

तेवढ्यात गाडी धापा टाकत कडेला जाऊन उभी राहिली. झाडावर कुठलातरी पक्षी हसल्यासारखा ओरडला.

‘विचार त्यांना, काल काडी घातली होती ना? मग सांगितलं का नाही?’

‘तिला सांग, सांगितलं होतं.’

‘कुणाला?’

काकांनी मांडीवरची अकरा पानं सरळ केली. मग हळूच म्हणाले, ‘घड्याळाला.’

काकूने हॉर्नवर हात ठेवून असा लांबलचक हॉर्न वाजवला की पक्षीसुद्धा गप्प झाला. दहाला दहा मिनिटं होती. शाळा अजून आठ किलोमीटर लांब. अकराला काका वर्गात नसले तर ते यंत्र पुन्हा कापडाखाली, आणि काका पुन्हा खुर्चीत. हे तिघांनाही माहीत होतं.

डिझेल आणायला भांडं हवं. मागे साबणाच्या पाण्याचे रिकामे कॅन होते, चांगले पाच. काकांनी एकेक उघडून वास घेतला आणि एकेक खाली ठेवला. ‘अहो काका, डिझेल काय वास घेत बसणार आहे का?’ मी म्हणालो. ते म्हणाले, ‘गाडीतला पंप घेतो.’ शेवटी प्यायच्या पाण्याचा कॅन त्यांनी पालथा केला आणि लॉजचा एक टॉवेल घेऊन आतून पुसायला लागले. पुसतात, उन्हात धरतात, एक डोळा मिटून आत बघतात, पुन्हा पुसतात. मला दहा वाजलेले दिसत होते, त्यांना फक्त थेंब. ‘थेंब नाही,’ असं ते म्हणाले तेव्हाच कॅन माझ्या हातात आला.

एक रंगारी मोटारसायकलवरून शिडी घेऊन चालला होता, त्याने मला मागे घेतलं. एका हातात कॅन, एका खांद्यावर त्याची शिडी, अशा थाटात मी पेट्रोल पंपावर गेलो आणि परतीला दुसऱ्या कुणाच्या तरी टेम्पोने आलो. बघतो तर दोघं दोन गठ्ठ्यांवर पाठीला पाठ लावून बसलेले. काकूने मात्र काकांना एका लॉजच्या चादरीत गळ्यापासून पायांपर्यंत गुंडाळलं होतं, पांढरा शर्ट वाचावा म्हणून. केस कापायला बसलेल्या माणसासारखे ते दिसत होते. गुंडाळताना दोघं एकमेकांशी बोलले नसणार, याची मला खात्री आहे.

डिझेल टाकीत ओतलं. साडेदहा.

‘झालं,’ काकू म्हणाली आणि किल्ली फिरवायला गेली.

‘तिला सांग, नको!’ चादरीतून आवाज आला. ‘नुसती फिरवत बसली तर बॅटरी बसेल. नळीत हवा भरलीय. आधी हवा काढायची.’

त्यांनी बॉनेट उघडलं. खिशातून दहा नंबरचा पाना निघाला. तो पाना काकांच्या खिशात असतो, जसा इतरांच्या खिशात रुमाल असतो. डिझेल गाळणाऱ्या फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू, तो त्यांनी अर्धा वळसा ढिला केला. शेजारी हाताने दाबायचा छोटा पंप, तो अंगठ्याने दाबायला लागले. स्क्रूशेजारून फुसफुस आवाज आला, मग फेस, मग बुडबुडे. काका दाबतायत, फेस वाहतोय, चादरीवर डिझेलचे डाग पडतायत, आणि काकू खिडकीतून मान काढून त्या डागांकडे बघतेय, पण काही म्हणत नाहीये. बुडबुडे कमी झाले, मग अगदी बंद झाले आणि स्वच्छ धार आली, तेव्हा त्यांनी स्क्रू घट्ट केला आणि पंप हाताला कडक लागेपर्यंत पुन्हा दाबला.

‘तिला सांग, फिरव. दहा सेकंद, जास्त नाही.’

मी बॉनेटपाशी होतो. खिडकीपर्यंत गेलो. ‘काकू, फिरव.’ तिने फिरवलं. इंजिन घुरघुरलं, एकदा खोकलं. काका म्हणाले, ‘थांब म्हणावं!’ मी खिडकीकडे धावलो, पोहोचेपर्यंत पंधरा सेकंद झालेले. काका म्हणाले, ‘आता आणखी थोडं दाबतो, मग फिरवायला सांग.’ मी पुन्हा खिडकीकडे. बॉनेट, खिडकी, बॉनेट, खिडकी. तिसऱ्या फेरीला मी वाटेतच असताना काकांनी चादरीतून एक हात बाहेर काढला आणि एकतीस वर्षांत न काढलेला आवाज काढला.

‘फिरव गं!’

‘फिरवते की! ओरडता कशाला?’

‘थांब! आता मोज अर्धं मिनिट. स्टार्टर तापतो.’

‘मोजते. पण अहो, डिझेल तर ओतलं ना टाकीत? मग हवा कुठून आली?’

मी बाजूला झालो. माझं काम संपलं होतं.

‘अगं, टाकी रिकामी झाली की नळी काय ओढणार? हवाच ओढणार. आणि हवा म्हणजे आळशी. पंप तिला दाबतो, ती दबते. सोडला की फुगते. पुढे सरकत नाही. डिझेल कसं, दाबलं की दबत नाही, मुकाट पुढे जातं. आपल्या लाँड्रीत वरची टाकी संपून परत भरली की नळ कसा थुंकतो?’

‘फस्स फुस्स करतो. मग मी नळ उघडा टाकते, हवा जाईपर्यंत.’

‘तेच! हा स्क्रू म्हणजे तुझा नळ.’

‘असं सांगा ना मग! खनिज इंधन असून म्हणे,’ काकू म्हणाली. मग जरा थांबून, ‘आणि हा स्क्रू ढिलाच राहिला तर?’

‘तर गाडी चालू होईल, अर्धं मिनिट चालेल आणि हवा ओढून बसेल. झालं अर्धं मिनिट. फिरव.’

इंजिन खोकलं, पांढऱ्या धुराची एक पिचकारी मागून सुटली, गाडी दोन पायांवर चालल्यासारखी थडथडली आणि एकदम सगळे सूर लागले. काका डोळे मिटून ऐकत होते. ‘तिसरा?’ काकूने विचारलं. ‘ठिबकत नाही,’ काका म्हणाले. काकूने हात पुसायला पिशवीतला रुमाल पुढे केला, आणि काकांनी हात पुसून रुमालासकट पानाही तिच्याकडे दिला.

अकराला दोन मिनिटं कमी असताना आम्ही तंत्रशाळेत पोहोचलो. वर्गाची एक बाजू सगळी खिडक्यांची, खाली आवार, आवारात आमची व्हॅन. भिंतीजवळ ते यंत्र, पांढऱ्या कापडाखाली. काकांनी जाता जाता कापडावरून एकदा हात फिरवला. बावीस मुलंमुली बसलेली. प्राचार्याबाई शेवटच्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी मी आणि काकू.

मला वाटलं होतं, रस्त्यात उघडलेलं तोंड आता उघडंच राहील. काका फळ्यापुढे उभे राहिले, बावीस चेहऱ्यांकडे बघितलं आणि खिशातून अकरा पानं काढली.

‘डिझेल हे एक खनिज इंधन असून…’

पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर मागच्या एका मुलाने जांभई दिली, ती बाकाबाकावरून पुढे सरकत पहिल्या रांगेपर्यंत गेली. काका कागदाच्या आड अधिकाधिक शिरत होते. प्राचार्याबाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं. मी काकूकडे बघितलं. ज्या झोपेवरून अबोला धरला होता ती आता बावीस जणांना लागलेली ती बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता की वाटलं, आता रडते की काय. पण ती उठली, ‘आलेच हां’ असं ओठांनी म्हणाली, पिशवी उचलली आणि बाहेर गेली.

नवव्या मिनिटाला अकरावं पान संपलं. ‘झालं,’ काका म्हणाले. ‘काही प्रश्न?’ कुणालाच काही नव्हता. खाली आवारात व्हॅन चालू झाल्याचा आवाज आला. काकांनी सवयीने मान त्या दिशेला वळवली. अर्ध्या मिनिटाने व्हॅन बसली.

दारात काकू. चेहरा अगदी भोळाभाबडा. ‘माफ करा हं बाई, मधेच आले. गाडी दारासमोरून जरा बाजूला घेत होते, तर बसली. आता तुमच्या आत येणाऱ्या गाड्या अडणार. अहो, जरा बघता का?’

‘मी नीट…’ काका म्हणाले आणि थांबले. ‘बघतो.’

ते निघाले, त्यांच्यामागे पहिल्या रांगेतली दोन मुलं, मग चार, मग सगळा वर्ग. जांभई पुढे सरकली होती त्याहून वेगाने. प्राचार्याबाई म्हणाल्या, ‘अरे, तास चालू आहे!’ आणि त्याही निघाल्या.

काकांनी बॉनेट उघडलं. मी त्यांच्या खांद्याशी होतो, म्हणून मला दिसलं. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू. अर्धा वळसा ढिला, बाजूला ओल, आणि त्या ओलीच्या टोकाला एक थेंब. काकांचा हात स्क्रूपाशी गेला आणि तसाच थांबला. त्यांनी मान वळवली. काकू लांब आकाशात बघत उभी होती, जणू तिथे चादरी वाळत घालायच्या होत्या.

काकांनी हात मागे घेतला. चष्मा कपाळावर चढवला आणि मुलांकडे वळले.

‘गाडी चालू होते, अर्धं मिनिट चालते आणि बसते. टाकीत डिझेल आहे. का बसते? मी सांगणार नाही. शोधा.’

बावीस डोकी बॉनेटमध्ये. ‘बॅटरी!’ ‘बॅटरी असती तर चालू झाली असती का रे?’ ‘टाकी गळत असेल!’ ‘खाली वाक आणि बघ, गळतेय का.’ एक मुलगा खरंच गाडीखाली शिरला. काका एकेकाला उत्तराऐवजी प्रश्न देत होते, आणि प्रत्येक प्रश्न आदल्याहून लांब. शेवटी वेणीवाली एक मुलगी म्हणाली, ‘सर, इथे ओलं आहे. या स्क्रूपाशी. थेंब आहे!’

काका तिच्याकडे असे बघत राहिले की तिला वाटलं काही चुकलं. ‘थेंब आहे,’ ते म्हणाले. ‘बरोबर. आता मला सांगा, जिथून डिझेल बाहेर येतं तिथून गाडी चालू असताना आत काय जाईल?’

‘हवा!’

‘आणि हवा कशी असते?’

काकूने खिडकीतून उत्तर दिलं, ‘आळशी!’ ती केव्हाच चाकावर जाऊन बसली होती.

मग तो नळ आला, वरची टाकी आली, दबणारी हवा आणि न दबणारं डिझेल आलं. चादर पुन्हा निघाली. दर मुलाने हाताचा पंप दाबून बघितला, बुडबुडे कधी संपतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मुद्दाम हवा भरायची, मुद्दाम काढायची. ‘फिरव गं!’ ‘फिरवते!’ ‘थांब!’ ‘थांबले! मोजा रे पोरांनो, अर्धं मिनिट!’ आणि बावीस जण एका सुरात मोजतायत. गाडी पाचव्यांदा सुरू झाली तेव्हा टाळ्या पडल्या. प्राचार्याबाईंच्या बाहीला डिझेल लागलं होतं, कारण सहाव्यांदा पंप त्यांनीच दाबला.

चाळीस मिनिटांचा तास सव्वा तास चालला. शेवटी जेवणाची घंटा झाली, तरी कुणी हललं नाही. प्राचार्याबाईंनी वही शोधली, ती वरच राहिली होती. मग त्यांनी नुसतंच विचारलं, ‘त्या यंत्रावरचं कापड सोमवारी काढायचं की आज?’

काका म्हणाले, ‘आज बघून जातो. जरा तेल घालावं लागेल.’ आणि ते एकटेच वर गेले. आम्ही खाली वीस मिनिटं थांबलो. काकूने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

परतताना मी दाराशी बसलो. मधल्या सीटवर काका होते. गोदाम मागे पडलं तेव्हा ते समोर बघत म्हणाले, ‘तो स्क्रू मी घट्ट केला होता.’

‘हो का?’ काकू म्हणाली.

‘माझ्या हातचा स्क्रू आपोआप ढिला होत नाही.’

‘मग घड्याळाने केला असेल.’

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, झालं, पुन्हा मधे बसावं लागणार. मग त्यांनी हात पुढे केला.

‘माझा दहाचा पाना.’

काकूने एक हात चाकावरून काढून पिशवीतून रुमाल काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. काकांनी रुमाल उलगडला, पाना पुसला, आणि खिशात टाकण्याआधी तिला म्हणाले, ‘पाना उलटा धरला होतास. स्क्रूवर ओरखडा आहे. पुढच्या वेळी सरळ धर.’

‘पुढच्या वेळी?’

‘सोमवारी दुसरा तास आहे,’ काका म्हणाले. ‘पेट्रोल पंप आला. आधी आत घे. टाकी भर. अर्धी नको, पूर्ण.’